मिनियापोलिस–सेंट पॉल : तळी, लायसन आणि मस्की

मिसिसिपीच्या काठी वसलेली ही आमची जुळी शहरं. सेंट अँथनी धबधब्याच्या जोरावर इथे पिठाच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि 1880 ते 1930 या काळात मिनियापोलिस जगाची पिठाची राजधानी म्हणून ओळखलं गेलं. सेंट पॉल ही राज्याची राजधानी. पाहुण्यांनी कॅपिटॉलची इमारत, मिनेहाहा धबधबा आणि जुन्या गिरण्यांचा परिसर जरूर पाहावा. मॉल ऑफ अमेरिका तर न सांगताही पाहाल. इतिहास एवढा पुरे.

आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिका समितीने मला ‘शहर परिचय’ लिहायला सांगितला तेव्हाच मी अट घातली होती, की निम्म्याहून जास्त जागा तळ्यांना मिळेल. या राज्यात दहा एकरांहून मोठी 11,842 तळी आहेत. वाशिष्ठीकाठी लहानपण गेलेल्या माझ्यासारख्या चिपळूणकराला इतकं पाणी बघून हात शिवशिवणारच. पण इथे गळ टाकायचा तर कागद कोणते, सामान कोणतं, कपडे कोणते, हे सांगणारं मराठी माणूस मला तेव्हा भेटलं नाही. नव्याने येणाऱ्यांची ती वणवण वाचावी म्हणून हा लेख, आणि तोही इथल्या सर्वांत मानी माशाबद्दल.

मस्की, पूर्ण नाव मस्केलंज, हा पाईकच्या कुळातला शिकारी मासा. चार फुटांचा मस्की इथे नवलाचा नाही. 2021च्या नोव्हेंबरात मिले लॅक्स तळ्यात राज्याचा विक्रमी मस्की मिळाला, वजन 55 पौंड 14.8 औंस. आधीचा विक्रम 1957 सालचा होता. शहराभोवतालच्या तळ्यांत हा मासा आहे तो मुख्यतः राज्याच्या निसर्गसंपदा खात्याने, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘डीएनआर’ने, सोडला म्हणून. लीच लेकच्या जातीची अंडी उबवून, पिल्लं तलावांत वाढवून, दहा-बारा इंचांची झाली की शरद ऋतूत ती तळ्यांत सोडतात. आपल्याकडे लोणावळ्याजवळ वळवणला टाटांनी 1970च्या दशकापासून महसीरची बोटुकली तयार करून धरणांत सोडली, तोच हा उद्योग. मस्कीवेड्यांची ‘मस्कीज इनकॉर्पोरेटेड’ ही संघटना 1966 साली आमच्या सेंट पॉललाच जन्मली, हे पाहुण्यांना अभिमानाने सांगायला हरकत नाही.

तळी कोणती? पश्चिमेला मिनेटोंका, इंडिपेंडन्स आणि वकोनिया. उत्तर-ईशान्येला व्हाइट बेअर, बाल्ड ईगल आणि फॉरेस्ट लेक. मिनेटोंका प्रचंड आहे आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथे बोटींची दादर स्टेशनसारखी गर्दी असते. नवख्याने मधल्या वारी पहाटे जावं. रेबेका हे तळं शिकण्यासाठी उत्तम, कारण तिथे फक्त विजेवरची मोटार चालते आणि त्यामुळे शांतता असते. खुद्द मिनियापोलिसच्या तळ्यांत टायगर मस्की सोडलेला आहे. हा मस्की आणि नॉर्दर्न पाईक यांचा संकर. त्याला प्रजा होत नाही, त्यामुळे खात्याने सोडला तरच तो तळ्यात असतो.

आता कागदपत्रं. हे सावकाश वाचा. सोळा वर्षांवरील प्रत्येकाला मासेमारीचं लायसन लागतं. कुटुंबात एकाचं आहे म्हणून दुसऱ्याने काठी धरायची नाही. लायसनचं वर्ष 1 मार्चला सुरू होऊन फेब्रुवारीअखेर संपतं; जानेवारीत घेतलंत तर दोनच महिने हाती लागतील. इथे सलग 60 दिवस राहिल्याशिवाय तुम्ही रहिवासी धरले जात नाही, आणि पुरावा म्हणून मिनेसोटाचंच ड्रायव्हिंग लायसन किंवा ओळखपत्र लागतं. न्यू जर्सीहून बदली होऊन आलेल्यांनी जुनं लायसन खिशात ठेवून ‘आम्ही इथलेच’ म्हणू नये. परगावच्या पाहुण्यांसाठी 24 तासांचं लायसन मिळतं. अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांक विचारतात. एच-फोर व्हिसावर आलेल्या आपल्या कितीतरी भगिनी या ओळीपाशी थबकून परत फिरतात. परत फिरू नका. क्रमांक नसेल तर नाही असं लिहून देण्याची सोय कायद्यात आहे. मला एका दुकानात काउंटरवरच्या मुलाने हे माहीत नसल्यामुळे तासभर उभं केलं होतं.

मस्कीचा हंगाम जूनच्या पहिल्या शनिवारी उघडतो आणि 1 डिसेंबरला बंद होतो. एका माणसाने पाण्यात एकच दोर टाकायचा. ठेवून घेण्यासाठी मस्की किमान 54 इंच हवा, म्हणजे साडेचार फूट. महानगराच्या सात काउंट्यांत टायगर मस्कीला 40 इंचांची अट आहे. त्याहून लहान मासा तत्काळ पाण्यात. पाईकचा हंगाम आधी, मे महिन्यात उघडतो, म्हणून दोघांतला फरक ओळखता आलाच पाहिजे: पाईकच्या गडद अंगावर फिके ठिपके असतात आणि शेपटीची टोकं गोलसर, मस्कीच्या फिक्या अंगावर गडद पट्टे किंवा डाग, शेपटीची टोकं अणकुचीदार. तरीही शंका राहिली तर खालच्या जबड्याची छिद्रं मोजा. एका बाजूला पाच किंवा कमी असतील तर पाईक, सहा किंवा जास्त असतील तर मस्की.

बोटीबद्दलही ऐका. तळ्यातून बाहेर काढली की तिथेच पाणी काढायचं, शेवाळ-पाला साफ करायचा, आणि बुडाचं बूच काढून ठेवूनच रस्त्यावर यायचं. हा कायदा आहे, सूचना नव्हे. मिनेटोंकात 2010 साली झेब्रा शिंपले सापडले. एका तळ्याचं पाणी दुसऱ्यात गेलं की तेही जातात. दहा वर्षांखालच्या मुलांनी चालत्या बोटीत लाइफ जॅकेट घातलेलंच हवं. आणि बोट घेण्याआधी भाडेकरार काढून वाचा. अनेक करारांत पार्किंगमध्ये बोट किंवा ट्रेलर उभा करायला बंदी असते. माझ्या पहिल्या घरमालकाने तोंडी ‘ठेवा की’ म्हटलं आणि महिन्याभराने दंडाची चिठ्ठी दाराला लावली. जे काय ते लेखी घ्या.

सामानात माझा एकच हट्ट आहे: मासा सोडायचं सामान आधी घ्या, पकडायचं नंतर. पन्नास इंचांची मादी व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात. पिल्लं सोडलेल्या तळ्यात तिची जागा आपोआप भरत नाही. खातं पुन्हा पिल्लं सोडेल तेव्हाच भरते. म्हणून मोठं, रबराचा लेप दिलेलं जाळं, लांब चोचीची पक्कड, गळ तोडायची कातर आणि जबडा उघडा धरायचा चिमटा, हे चार जिन्नस हाताशी नसतील तर तळ्यावर जाऊ नका. गळ निघत नसेल तर तोडा. गळ चार डॉलरला मिळतो. मासा जाळ्यातच, पाण्यातच राहू द्या. फोटोसाठी काढलात तर दोन्ही हातांनी आडवा धरा, जबड्याला लटकवू नका, आणि फोटो काढणाऱ्याने मोबाइल आधीच उघडून ठेवावा. ‘थांबा, हिलाही येऊ दे फोटोत’ हे प्रकार नकोत.

मग काठी: साडेआठ-नऊ फुटी, जाड. त्यावर 80 पौंडी विणलेला दोर आणि पुढे पोलादी तारेचा किंवा जाड फ्लुरोकार्बनचा लीडर, कारण मस्कीचे दात साधा दोर एका झटक्यात कापतात. सुरुवातीला बकटेल पुरे: केसाळ शेपटीचं, फिरत्या पात्यांचं आमिष. मस्की पुष्कळदा बोटीपर्यंत मागे मागे येतो आणि बघत राहतो. म्हणून दरवेळी आमिष उचलण्याआधी काठीचं टोक पाण्यात घालून इंग्रजी आठाचा आकडा काढा, मासा दिसो वा न दिसो. याला दहा हजार फेकींचा मासा म्हणतात. रोज भाव मिळायची सवय असलेल्यांनी ब्लूगिलसारखे छोटे मासे धरावेत.

आता हवामान. पाण्याचं तापमान 80 अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की मस्कीच्या मागे लागू नका. गरम पाण्यात झुंजलेला मासा पोहत गेला तरी पुढे मरतो. आणि थंडी! नोव्हेंबरात मोठे मासे लागतात खरे, पण काठीच्या कड्यांत बर्फ धरतो, बोटी उतरवायचा उतार काचेसारखा होतो आणि ओल्या बोटांना पक्कड धरवत नाही. सुती जीन्स घालू नका. आतून लोकर, बाहेरून पाणी न शिरणारं, हातमोज्यांचे दोन जोड, गाडीत कोरड्या कपड्यांची पूर्ण पिशवी. लाइफ जॅकेट बसायला घेऊ नका, अंगात घाला. त्या पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास आधी कोंडतो, पोहणं येतं की नाही हा प्रश्न पुढचा. पुण्याच्या थंडीत वाढलो म्हणणाऱ्यांना हे दोनदा सांगतो. एकट्याने जायचं नाही.

मंडळात मला दरवर्षी एकच प्रश्न येतो: खायचा नाही तर पकडायचा कशाला? मालवणी मंडळींच्या डोळ्यांतलं दुःख मला कळतं. त्यांच्यासाठी वॉलाय आहे, राज्याचा अधिकृत मासा. रवा लावून तळला तर सुरमईची आठवण थोडी तरी भागते. मस्की वॉलाय खाऊन संपवतो म्हणून काही तळ्यांकाठचे घरमालक त्याच्या नावाने खडे फोडतात. मस्की मुख्यतः सकर आणि पर्चसारख्या माशांवर जगतो, हे त्यांना नम्रपणे सांगावं. माझं गाऱ्हाणं मात्र मंडळाविषयी आहे. सप्टेंबर हा मस्कीचा ऐन मोसम, आणि नेमक्या तेव्हाच गणेशोत्सवाच्या नाटकाच्या तालमी शनिवारी सकाळी! कार्यकारिणीने पुढच्या वर्षी विचार करावा.

तरी याच मंडळाच्या जोरावर हा छंद इथे परवडतो. कोणाकडे बोट आहे, कोणाकडे गॅरेज, कोणाकडे ट्रेलर ओढणारी गाडी. थर्मासमध्ये चहा आणि डब्यात थालीपीठ घेऊन मंडळी जमतात. नवीन आलेल्यांनी संकोच न करता समितीकडे नाव द्यावं. काठी, जाळं, पक्कड आणि जास्तीचे हातमोजे उसने मिळतील. लायसन मात्र ज्याचं त्याने काढावं, आणि ते जूनच्या आधी.