जगाला कर्ता असलाच पाहिजे काय?

देवदर्शनास आलेल्या भाविकाच्या मनात ‘हे जग ईश्वराने निर्माण केले, असे कशावरून?’ अशी शंका उद्भवली, तर ती अश्रद्धा समजू नये. आपल्या दर्शनकारांनी या प्रश्नाचा शतकानुशतके कसून विचार केला आहे.

न्यायमत : मिथिलेचे नैयायिक उदयनाचार्य यांनी १०व्या शतकाच्या सुमारास ‘न्यायकुसुमांजली’ रचून ईश्वरसिद्धीचे विवेचन केले. त्यांतील प्रमुख युक्तिवाद असा : घट हे कार्य आहे आणि कार्याला जाणता कर्ता लागतो. पृथ्वी, पर्वत, अंकुर हीही सावयव असल्याने कार्येच होत. म्हणून त्यांनाही कर्ता आहे. मग ईश्वराचा कर्ता कोण? नैयायिक सांगतात, जे उत्पन्न होते त्यालाच कारण लागते. ईश्वर नित्य आहे.

आक्षेप : ईश्वरकर्तृत्वाच्या अशा अनुमानावर पूर्वीपासूनच आक्षेप होते. मीमांसक कुमारिल भट्ट विचारतात, कुंभाराला शरीर असते. ईश्वर अशरीरी असेल तर घडवील कसा, आणि सशरीर असेल तर ते शरीर कोणी घडविले? बौद्ध आचार्य धर्मकीर्ती म्हणतात, वारूळही मातीचेच असते. तेवढ्यावरून ते कुंभाराने केले असे ठरत नाही. सांख्यमतानुसार दुधाचे दही व्हावे त्याप्रमाणे मूळ प्रकृतीच जगरूपाने परिणत होते.

वेदान्तमत : परम विष्णुभक्त रामानुजाचार्यांनीही ‘श्रीभाष्या’त हे अनुमान अमान्य केले, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. भव्य प्रासाद अनेकजण मिळून बांधतात. मग जगाचा कर्ता एकच व सर्वज्ञ, हे केवळ अनुमानाने कसे ठरावे? ब्रह्माचे ज्ञान शास्त्रावरूनच होते, असा त्यांचा सिद्धान्त. शंकराचार्यांनीही या विषयात तर्काला श्रुतीचा साहाय्यक मानले, स्वतंत्र प्रमाण नव्हे.

तात्पर्य : ईश्वरसिद्धीचा एखादा युक्तिवाद खंडित झाला, म्हणजे ईश्वर नाकारला गेला असे होत नाही. त्याचप्रमाणे शंका घेणारा भक्तिमार्गातून बाहेर पडतो असेही नाही. उदयनाचार्यांनी ईश्वरविषयक तर्कचर्चेला श्रवणानंतरचे मनन, म्हणजे उपासनाच, मानले. ग्रंथाच्या अखेरीस तर ईश्वर नाकारणाऱ्यांसाठीही त्यांनी करुणा भाकली आहे. कारण खंडन करण्यासाठी का होईना, त्यांनीही ईश्वराचेच उत्कट चिंतन केलेले असते.