युक्ती निवडून घे गं!

अगं, जेवणं उरकली, ओटा पुसला, की तू रील्स उघडून बसतेस, माहितेय मला. कुणी अर्ध्या मिनिटात तुंबलेलं सिंक मोकळं करतंय, कुणी वीजबिल निम्मं करणारी डबी दाखवतंय. तू एकेक सेव्ह करत जातेस आणि शेवटी हिरमुसतेस, सगळ्यांची घरं लखलखीत, माझंच का असं? खरं सांगू का, तुझं काही चुकत नाहीये. रीलमधला ओटा रीलपुरता आवरलेला असतो. तुझ्या ओट्यावर दोन वेळचा स्वयंपाक होतो, डबे भरले जातात, दूध उतू जातं.

युक्त्या बघूच नकोस असं नाही म्हणत मी. मलाही आवडतात. फक्त प्रत्येकीला दोन प्रश्न विचारायचे. ही चालते ती कशामुळे? आणि फसली तर काय होईल?

हे बघ, एक पक्की युक्ती देते. पाहुणे यायचे असले की गॅस पुरेल ना, या काळजीने तुझा जीव टांगणीला लागतो. ओलं फडकं घे, सिलिंडर वरपासून खालपर्यंत पुसून काढ आणि थोडं थांब. वरचा भाग लवकर सुकतो, खालचा ओला राहतो. ओल जिथून सुरू होते, तिथपर्यंत गॅस आहे. आत गॅस द्रवरूपात असतो, तो पत्र्याला गार ठेवतो, म्हणून तिथलं पाणी उशिरा उडतं. कारण पटतं, आणि फसली तरी फार तर फडकं ओलं होतं. अशा युक्त्या डोळे मिटून कर.

सिलिंडरजवळ वाकलीच आहेस तर आणखी एक बघ. वरच्या कड्याला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांपैकी एकीवर आतून एक अक्षर आणि आकडा रंगवलेला असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. त्या मुदतीत सिलिंडरची तपासणी व्हायला हवी. मुदत उलटून गेलेला सिलिंडर दारात आला तर सरळ बदलून माग. आणि वजन करून घ्यायला लाजू नकोस गं. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवले की झालं.

आता ती सिंक मोकळं करणारी सोडा-व्हिनेगरची रील. फसफस बघायला छान वाटते, पण आम्ल आणि अल्कली एकत्र आले की एकमेकांचा जोर मारतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि खाली उरतं ते नुसतं खारट पाणी. दोन्ही वेगवेगळे वापर. करपलेल्या स्टीलच्या पातेल्याला खायच्या सोड्याची पेस्ट लावून ठेव, नळावरच्या पांढऱ्या डागांना व्हिनेगर लाव आणि लगेच धुऊन टाक. तुंबलेल्या सिंकला मात्र रबरी पंपच मार, त्याला तोड नाही.

पण एका बाबतीत मी तुझं काही ऐकणार नाही. संडास धुवायच्या ॲसिडमध्ये ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर कधीही मिसळायची नाही. दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. ‘डबल सफाई’ म्हणून कुणी कितीही चकाचक फरशी दाखवू दे. चुकून मिसळलंच गेलं, तर ओतायला-धुवायला थांबू नकोस, आधी बाहेर मोकळ्या हवेत ये.

रीलमधले भाजल्यावरचे उपायही असेच धोक्याचे. टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फही नको. बांगड्या-अंगठी लगेच काढ आणि भाजलेला भाग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धर. मोठा फोड आला किंवा चेहरा भाजला, तर तडक डॉक्टरकडे.

राहिली ती वीज वाचवणारी डबी. घेऊ नकोस! सॉकेटला लावायच्या त्या डबीत बहुतेक वेळा एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. घरचं बिल येतं वापरलेल्या युनिटवर, आणि त्या डबीने युनिट कमी होत नाहीत. खरंच बचत करायची असेल तर पंख्याकडे बघ. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा ३०च्या आसपास. रोज १२ तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे सुमारे १६ युनिट वाचतात. सगळे एकदम बदलायची गरज नाही. जो सगळ्यात जास्त फिरतो, तो आधी.

आणि ऑनलाइन कुकर स्वस्तात दिसला तर आयएसआय खूण बघितल्याशिवाय पैसे भरू नकोस. फेब्रुवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे. खुणेसोबतचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये घालून खरा-खोटा कळतो, दोन मिनिटांचं काम आहे. रिफंड देतो म्हणून कुणी यूपीआयचा पिन टाकायला सांगितला, तर तिथेच फोन ठेव. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही.

बघ, एवढं मोठं घर तू चालवतेस, नोकरी सांभाळतेस, तुला हे जड नाही. सेव्ह केलेल्या यादीतली एकच युक्ती या आठवड्यात करून बघ, बाकीच्या बिनधास्त पुसून टाक. आणि कुणी फसवलंच, तर लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसू नकोस. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव, मग मला.