कपाशीचे ‘औषध’ आणि घरातले लेकरू

आषाढ पौर्णिमेला विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू होते. त्याच सुमारास जळगाव-धुळ्याच्या शिवारात कपाशीवर फवारणी सुरू होते. आपल्या वस्तीतली कितीतरी माणसे पंप पाठीवर घेऊन मजुरीला जातात. संध्याकाळी उरलेली बाटली घरी येते आणि खाटेखाली जाते. शिवाय तिला आपण म्हणतो ‘औषध’. खोकल्याचेही औषध, कपाशीचेही औषध. तीन वर्षांच्या लेकराने फरक कसा ओळखायचा? आम्हाला वाटते, घरात तिला सरळ ‘विष’ म्हणावे. ती मालकाच्या शेतावरच राहू द्यावी. आणावीच लागली तर कुलूपबंद पेटीत, मूळ बाटलीतच ठेवावी. कोल्ड्रिंकच्या बाटलीत विष, रॉकेल, फिनाईल कधीच ओतू नये.

रिकामा डबाही धुऊन वापरू नका. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतले जेवण जेवून 23 मुले दगावली. त्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. आपल्याकडे कपाशीवर वर्षानुवर्षे मारले गेले तेच हे विष.

फवारणीहून आल्यावर बाळाला उचलण्याआधी अंघोळ करा. ते कपडे वेगळे धुवा.

लेकराने काही प्यायलेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. रॉकेल उलटीबरोबर फुप्फुसात शिरते. भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, 108 ला फोन लावा आणि बाटली सोबत न्या. तिच्यावरचे नाव वाचून डॉक्टरांना उपचार लवकर ठरवता येतो.

तसेच पाण्याचे. नळ रोज येत नाही, म्हणून दारात टिपाड आणि मोरीत बादल्या भरलेल्या. रांगत्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. वाकताना तोल गेला की त्याला वर येता येत नाही. वीतभर पाण्यातही बाळ बुडते, तेही आवाज न करता. टिपाडाचे झाकण दोरीने बांधा, रिकामी बादली पालथी घाला. झाकणाने डासही थांबतात.

सात वर्षांच्या बहिणीवर बाळ सोपवून आई निंदणीला जाते. तिला दोष देणे सोपे आहे, पण मजुरी बुडवून चूल कशी पेटेल? अंगणवाडी काही तासांचीच. दिवसा आपला विहार मात्र बहुधा रिकामा असतो. महिला मंडळाने पाळी लावून दोन-दोन आजींना तिथे बसवले, तर वेचणीपर्यंतचे महिने निभावतील. पहिल्या दिवशी विहाराच्या टाकीचे झाकण तेवढे पाहून घ्या.