विधेयक समितीत असतानाच बोला

उरणच्या बाजारात हातगाडी लावणारा किंवा टोपली घेऊन बसणारा आपला बांधव लोकसभेतील गोंधळाच्या बातम्या ऐकतो आणि कायदे असेच होत असावेत, असे समजतो. प्रत्यक्षात विधेयकातील कलमे एकेक करून तपासायला सभागृहाला वेळ नसतो. म्हणून १९९३ साली संसदेने खातेवार १७ स्थायी समित्या नेमल्या. २००४ पासून त्या २४ आहेत. प्रत्येक समितीत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० सदस्य असतात. मंत्री त्यांत बसत नाहीत.

बंदरांचा विषय परिवहन समितीकडे जातो. न्हावा-शेवा बंदर ज्या कायद्याखाली येते, त्याचे पहिले विधेयक २०१६ साली याच समितीकडे पाठवले होते. हातमाग-यंत्रमाग श्रम समितीकडे, तर व्यापाऱ्यांवरील केंद्राचे कर अर्थ समितीकडे.

फेरीवाल्यांच्या कायद्याचेच पाहा. सप्टेंबर २०१२ मध्ये विधेयक लोकसभेत आले, नगरविकास समितीकडे गेले आणि मार्च २०१३ मध्ये समितीचा अहवाल आला. त्यानंतर सरकारने दुरुस्त्या केल्या. कायदा २०१४ च्या मे महिन्यात लागू झाला. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाही फेरीवाल्याला हटवता येणार नाही, असे त्यात लिहिले आहे. शहराच्या फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनीच निवडलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात आणि अल्पसंख्याकांनाही योग्य प्रतिनिधित्व हवे. आपल्या किती बांधवांना हे कलम ठाऊक आहे?

समिती वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन लोकांची निवेदने मागवते. मुदत थोडी असते, बहुधा पंधरा दिवसांची. आपली मंडळी मात्र अर्ज लिहायला बसतात ती कायदा मंजूर झाल्यावर, मोर्चाच्या आदल्या रात्री! अर्थात समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, आणि प्रत्येक विधेयक समितीकडे जातेच असेही नाही. तरीही कलम बदलणे सर्वांत सोपे असते ते याच टप्प्यावर.

निवेदन सहसा इंग्रजी किंवा हिंदीत मागतात, तेव्हा मजकूर आधी जाणकाराकडून लिहून घ्यावा. धंद्याचे नाव, अडचणीचे कलम आणि त्याजागी काय हवे, एवढे पुरे. विधेयक राज्याचे असेल तर दिल्लीला लिहून उपयोग नाही. तेथे मुंबईत विधानमंडळाची संयुक्त समिती पाहावी लागते, आणि तीही त्या विधेयकासाठी नेमली गेली असेल तरच.