पिकते तिथे विकत नाही : जिमी होगन

शाळेत असताना मी फुटबॉलच्या संघात होतो. सराव म्हणजे मैदानाला दहा फेऱ्या आणि मग जमेल तसा चेंडू हाणणे, एवढेच आम्हाला ठाऊक होते. चेंडू गोलवरून गेला की 'पुन्हा मार' असा हुकूम सुटे. तो का गेला, हे कोणी सांगत नसे आणि विचारण्याची आमची छाती नव्हती. म्हणूनच जिमी होगन यांच्या तरुणपणातला एक प्रसंग वाचनात आला तेव्हा मी थबकलो.

बर्नली संघाकडून खेळताना होगन यांनी मारलेला चेंडू गोलच्या दांडीवरून गेला. सामन्यानंतर त्यांनी संघाच्या व्यवस्थापकाला विचारले, "माझे काय चुकले? पाय चुकीच्या जागी होता, की तोल गेला?" उत्तर मिळाले ते असे की, मारत राहा, दहातला एक गेला तरी पुष्कळ! या उत्तराने होगन यांचे समाधान झाले नाही. आपण आपला खेळ समजून घ्यायचाच, असे त्यांनी ठरवले.

होगन यांचा जन्म १८८२ साली लँकेशायरमधील नेल्सन या गिरणगावात, एका आयरिश कॅथलिक कुटुंबात झाला. खेळाडू म्हणून ते मध्यमच. बर्नली, फुलहॅम, बोल्टन अशा संघांतून ते खेळले. १९०८ साली फुलहॅमबरोबर एफ. ए. चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले. पण फुलहॅममध्ये त्यांना मोठी शिदोरी मिळाली. तिथल्या स्कॉटिश खेळाडूंकडून ते जमिनीलगत, आखूड अंतराने चेंडू देत पुढे सरकण्याची पद्धत शिकले.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये सरावाच्या वेळी चेंडू खेळाडूंना फारसा देतच नसत. आठवडाभर चेंडूवाचून ठेवले म्हणजे शनिवारी त्यांना चेंडूची भूक लागेल, असा समज होता. होगन यांचे मत नेमके उलट होते. चेंडूशी ज्याची ओळखच नाही, तो शनिवारी भूक लागली तरी खाणार कसा? चेंडू झेलणे, थांबवणे, दोन्ही पायांनी देणे, मोकळी जागा हेरणे या गोष्टी शिकवता येतात आणि त्या चेंडू घेऊनच शिकवाव्यात, हा त्यांचा सिद्धान्त.

मायदेशी हे ऐकायला कोणी तयार नव्हते. १९१० साली ते हॉलंडमधील डॉर्ड्रेख्टच्या संघाचे शिक्षक झाले. १९१२ मध्ये ऑस्ट्रियाच्या फुटबॉलचे सूत्रधार ह्यूगो माइस्ल यांनी त्यांना व्हिएन्नाला बोलावले. सुरुवातीला तिथल्या खेळाडूंना त्यांची शिकवण नीट उमजेना. पण दोघांनी विचारविनिमय करून पद्धत सुधारली आणि हळूहळू बस्तान बसले.

इतक्यात १९१४ चे महायुद्ध पेटले. होगन शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांना अटक झाली. पत्नी व मुले पुढे इंग्लंडला परतू शकली, ते मात्र अडकले. अखेर बुडापेस्टच्या एमटीके क्लबमधील एका वजनदार गृहस्थाच्या खटपटीने ते हंगेरीत आले. पोलिसांकडे हजेरी द्यायची आणि संघाला शिकवायचे, असा त्यांचा दिनक्रम झाला. बरेच खेळाडू रणांगणावर असल्याने त्यांनी पोरे हेरली. बागेत खेळणारे ओर्थ आणि ब्राउन हे दोघे त्यांतलेच. पुढे दोघेही हंगेरीचे नामांकित खेळाडू झाले. १९१७ ते १९२५ पर्यंत हंगेरीचे अजिंक्यपद सलग एमटीकेकडेच राहिले.

युद्ध संपल्यावर होगन रिकाम्या खिशाने इंग्लंडला परतले. युद्धामुळे हलाखीत आलेल्या व्यावसायिकांसाठी फुटबॉल संघटनेकडे निधी होता. तिथे गेल्यावर पैशाऐवजी खाकी मोज्यांचे तीन जोड हातात पडले आणि आघाडीवरच्या जवानांना हे फार आवडायचे, असे ऐकून घ्यावे लागले, अशी कथा सांगतात. शत्रूच्या देशात राहून खेळ शिकवणारा माणूस त्यांच्या लेखी फितूरच होता.

पुढे स्वित्झर्लंड, पुन्हा हंगेरी, मग जर्मनी अशी त्यांची भ्रमंती झाली. जर्मनीत एका व्याख्यानात मोडक्यातोडक्या भाषेमुळे श्रोते हसू लागले, तेव्हा त्यांनी सरळ बूट-मोजे काढले आणि अनवाणी पायाने चेंडू मारून दाखवला. हशा थांबला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्यांनी तयार केलेल्या ऑस्ट्रियाच्या हौशी संघाने रौप्यपदक मिळवले. उलट १९३४ साली फुलहॅमने त्यांना व्यवस्थापक नेमले, पण शस्त्रक्रियेसाठी ते रुग्णालयात असतानाच काढून टाकले. मुरलेल्या खेळाडूंना शिकवणी कशाला, हे त्यामागचे तर्कशास्त्र! अ‍ॅस्टन व्हिलाने मात्र त्यांना ओळखले आणि १९३८ साली तो संघ दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद घेऊन पहिल्या श्रेणीत परतला.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेंब्लीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे हरवले. ब्रिटिश बेटांबाहेरील युरोपातल्या कोणत्याही देशाकडून इंग्लंड तोपर्यंत घरच्या मैदानावर हरले नव्हते. विजयानंतर हंगेरीच्या फुटबॉल प्रमुखांनी सांगितले की, आम्हाला हा खेळ जिमी होगन यांनीच शिकवला. सत्तरी ओलांडलेले होगन त्या दिवशी व्हिलाच्या पोरांना घेऊन प्रेक्षकांत बसले होते. त्या क्षणी त्यांना काय वाटले असेल? देशाच्या पराभवाचे दुःख, की शिष्यांच्या विजयाचा आनंद? गुरूच्या वाट्याला इतका विचित्र दिवस क्वचितच येत असेल.

जानेवारी १९७४ मध्ये होगन यांचे निधन झाले. त्याच वर्षी पश्चिम जर्मनीने विश्वचषक जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक हेल्मुट शोन यांनी ड्रेस्डेनला पोरवयात होगन यांच्या हाताखाली धडे गिरवले होते.

'पिकते तिथे विकत नाही' एवढेच म्हणून ही कहाणी संपवता येईल. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो बर्नलीतला प्रश्न. 'माझे काय चुकले?' असे विचारणारा विद्यार्थी आणि त्याला 'मारत राहा' असे सांगणारा वडीलधारा, हे दोघे फुटबॉलच्या मैदानावरच भेटतात असे नाही. आपल्या वर्गांतही ते भेटतात. उत्तर न मिळालेल्या त्या तरुणाने आयुष्यभर इतरांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. आपण निदान प्रश्न विचारण्याचे धैर्य तरी दाखवू या.