टकटक करणारी हार्ड डिस्क

प्रश्न : लॅपटॉपची हार्ड डिस्क टकटक करते, सुरू होत नाही. मुलीच्या बारशाचे फोटो स्वस्तात कुठे काढून मिळतील?
– एक वाचक, मोहने

उत्तर : आधी लॅपटॉप बंद करा आणि ‘एकदाच बघू’ म्हणत पुन्हा लावू नका. टकटक म्हणजे बहुधा तबकडी वाचणारं हेड गेलंय. ते तबकडी खरवडत राहिलं तर फोटो कायमचे गेले. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय नकोच, आत दव धरतं. हेड बदलायला धूळमुक्त खोली आणि जुळणारी दुसरी डिस्क लागते, म्हणून ते महागच. दुकानदार काउंटरवरच स्क्रू काढू लागला, तर डिस्क उचला नि घरी या. आंबिवलीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडवर डेटा काढून देणाऱ्या दोन-तीन दुकानांत विचारा. ‘डेटा नाही तर पैसे नाहीत’ हे लेखी घ्या. तपासणीचे पैसे वेगळे का, तेही विचारा. निघण्यापूर्वी मावशी-आत्यांचे व्हॉट्सअॅप मात्र चाळा, निम्मं बारसं तिथेच सापडेल!