मोटारीचा पट्टा व त्याची निगा

ज्या वस्तूची किंमत थोडी, तिची आठवण बहुधा ती तुटल्यावरच होते. गेल्या पावसाळ्यांत आम्हांस याचा चांगलाच अनुभव आला. वक्तृत्वस्पर्धेसाठीं सहा विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही चिपळुणाहून कराडास निघालों होतों. कुंभार्ली घाटाच्या मध्यावर प्रथम बॅटरीचा तांबडा दिवा लागला, मग चालकाच्या हातांतील चक्र एकाएकीं जड झालें आणि पाण्याच्या उष्णतेचा कांटा वर चढूं लागला. चालकानें गाडी तत्काळ कडेस घेऊन इंजिन बंद केलें, म्हणून इंजिन वांचलें. बॉनेट उघडून पाहतों तों पट्ट्याच्या चिंध्या झालेल्या! दुरुस्ती होऊन कराडास पोंचेपर्यंत स्पर्धा संपली होती. महिनाभर भाषणाची तयारी केलेल्या आमच्या विद्यार्थिनीनें तक्रारीचें एक अक्षरही काढलें नाहीं. म्हणूनच तें आम्हांस अधिक लागलें. कारण तो पट्टा आठ दिवस रोज सकाळीं किंचाळून आम्हांस सूचना देत होता, आणि आम्हींच तिकडे कानाडोळा केला होता.

हा पट्टा करतो तरी काय? इंजिनाच्या शक्तीचा मोठा भाग चाकांकडे जातो; परंतु थोडा भाग इंजिनाच्या पुढील टोकास बसविलेल्या कप्पीवरून पट्ट्याच्या द्वारें इतर यंत्रांस मिळतो. वीज उत्पन्न करणारा ऑल्टरनेटर, पुष्कळ गाड्यांत पाणी खेळविणारा पंप, तसेंच चक्र हलकें करणारा पंप व हवा थंड करणारा कॉम्प्रेसर हीं सर्व त्यावर चालतात. इंजिनाची कप्पी १५ सेंटिमीटर व्यासाची आणि ऑल्टरनेटरची ६ सेंटिमीटरची असली, तर इंजिनाच्या एका फेऱ्यांत ऑल्टरनेटरचे अडीच फेरे होतात. म्हणजे मिनिटास २,००० फेऱ्यांचे ५,००० होतात. गणिताच्या तासास शिकलेलें गुणोत्तर येथें असें उपयोगी पडतें. केवळ विजेवर चालणाऱ्या मोटारींत मात्र हा पट्टा नसतो. तसेंच झांकणाच्या आंत असणारा टायमिंग बेल्ट ही वस्तु निराळी. तिला हात लावणें हें कुशल कारागिराचें काम आहे.

सन १९१७ त अमेरिकेंतील जॉन गेट्स यानें रबराचा पाचरीच्या आकाराचा पट्टा तयार केला. अशा पट्ट्याची खुबी ध्यानांत घेण्यासारखी आहे. तो कप्पीच्या खांचेंत तळाला टेकत नाहीं; दोन्ही बाजूंस घट्ट बसतो. जितका ताण अधिक, तितकी पाचर खोल रुतते व घर्षण वाढतें. पट्टा झिजून तळाला टेकला कीं ही पकड गेलीच. पुढें सन १९७९ मध्यें फोर्ड मस्टँग या मोटारींत अनेक लहान पट्ट्यांऐवजीं एकच रुंद, उभ्या रेघांचा, नागमोडी पट्टा आला. आतां बहुतेक मोटारींत तोच आढळतो, आणि तो तुटला म्हणजे सर्वच यंत्रें एकदम थांबतात.

पट्ट्याची पाहणी इंजिन बंद व थंड असतां, किल्ली काढून घेऊनच करावी. कारण रेडिएटरचा विजेचा पंखा केव्हां केव्हां आपोआप फिरूं लागतो. हातांत दिवा घेऊन पट्ट्याच्या रेघा पाहाव्या. जुन्या जातीच्या निओप्रीन रबरांत ७५ मिलिमीटर लांबींत एका रेघेवर तीन किंवा अधिक चिरा दिसल्या, कीं पट्टा बदलावा. अलीकडील ईपीडीएम रबर सहसा चिरत नाहीं, टायराप्रमाणें झिजतें; तेव्हां चिरा नाहींत म्हणून निश्चिंत राहूं नये, खांचांची खोली मापकानें पाहावी. कडांचे दोरे सुटणें, रबराचे तुकडे उडणें, आरशासारखी चकाकी येणें, तेल लागणें, हींही वाईट चिन्हें होत. तेल लागलें असेल तर प्रथम गळती थांबवावी. नाहीं तर नवा पट्टाही जुन्याच्याच वाटेनें जाईल.

आवाजावरूनही रोग ओळखतां येतो. चालत्या पट्ट्यावर दुरून किंचित् पाणी शिंपडावें. चिवचिवाट क्षणभर थांबला, तर कप्प्या एका रेषेंत नाहींत. किंकाळी वाढली, तर ताण कमी आहे. ही परीक्षा पालकांनीं किंवा कारागिरानेंच करावी. मुलांनीं दूर उभें राहावें, आणि वेणी, ओढणी, सैल बाही इंजिनाजवळ नेऊं नये. आवाज दाबण्यासाठीं पट्ट्यावर औषध फवारणें म्हणजे रोग तसाच ठेवून रोग्याचें तोंड बांधणें होय.

पट्टा बदलतांना प्रथम त्याच्या मार्गाचें चित्र कागदावर काढून घ्यावें, व बॅटरीची ऋण तार सोडावी. जेथें आपोआप ताण देणारा टेन्शनर असतो, तेथें लांब दांड्याच्या पान्यानें तो फिरवून पट्टा ढिला करावा आणि गुळगुळीत कप्पीवरून उतरवावा. मग प्रत्येक कप्पी हातानें फिरवून पाहावी. ती खरखरली किंवा डगमगली तर आधीं तिची सोय करावी. नवा पट्टा जुन्याशीं लांबी व रेघा मोजून ताडावा, चित्राप्रमाणें बसवावा, आणि प्रत्येक रेघ आपापल्या खांचेंत आहे कीं नाहीं हें बोट फिरवून तपासावें. एक रेघ बाहेर राहिली तरी नवा पट्टा लवकरच फाटतो. जुन्या पद्धतीच्या मोटारींत ऑल्टरनेटरचे बोल्ट सैल करून तो आंत ढकलावा लागतो. पट्टा कप्पीच्या कांठावरून पेचकसानें ओढून चढवूं नये. मग गाडीच्या पुस्तिकेंत सांगितला असेल तितकाच ताण द्यावा, कारण फाजील ताणानें बेअरिंगें खराब होतात. इंजिन थोडा वेळ चालवून, बंद करून, ताण पुन्हां पाहावा. कांहीं पट्टे लवचिक जातीचे असून त्यांना टेन्शनर नसतो. ते बसविण्यास विशेष हत्यार लागतें, म्हणून तें काम कारागिराकडेच द्यावें.

आणि पट्टा वाटेंत तुटलाच, तर गाडी थांबवावी. उष्णतेचा कांटा वर असतांना पुढें जाण्याचा मोह धरूं नये, व गरम रेडिएटरचें झांकण कदापि उघडूं नये. उकळतें पाणी अंगावर उडतें.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, महिन्यांतून एकदां बॉनेट उघडतांना मुलांस जवळ बोलवावें व हें सर्व दाखवावें. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, असें आपण त्यांस सांगतों. तें आपण करीत नाहीं हेंही त्यांच्या दृष्टीस पडूं द्यावें. घाटांतल्या त्या दिवसापासून शाळेच्या गाडीची पाहणी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं होते. वहींत नोंद करण्याचें काम त्याच विद्यार्थिनीनें आपण होऊन मागून घेतलें आहे, आणि तिची सही झाल्यावांचून गाडी फाटकाबाहेर जात नाहीं.